कठड्यावरचे मफलर

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

आज संगीतगृहात रुजू झाले. दारावर पाटी आधीच लावलेली होती: ‘मागिस्टर मार्लेने ह्लावाच, प्रेक्षक विभाग’. पितळेची नाही, पुठ्ठ्याची आहे, कारण पहिले तीन महिने नोकरी कच्ची. तरी मी ती, पदवीच्या ‘मागिस्टर’सकट, तीनदा वाचली. आमच्या घरात आजवर कुणाचं नाव कुठे लागलं असेल तर ते घंटीच्या बटणाशेजारी.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “काय मागिस्टरबाई, काम बसून आहे की उभं राहून?”

“बसून.”

“मग पाच वर्षं शिकलीस त्याचं चीज झालं.”

बाबा सत्तावीस वर्षं ट्रामचे रूळ दुरुस्त करताहेत आणि आई शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. दोघंही दिवसभर उभी. थट्टेच्या आड बाबांना अभिमान वाटत असावा. नक्की सांगता येत नाही, ते बोलत नाहीत.

इथे मला काय करायचं आहे ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. व्हिएन्नात संगीत ऐकायला नेमकं कोण जातं, यावरच माझा प्रबंध होता. आमच्या संगीतगृहातल्या वर्षभरासाठी राखलेल्या खुर्च्या आजोबांकडून नातवाकडे जातात, द्राक्षमळ्यासारख्या. लोक मृत्युपत्रात लिहितात त्या. आणि आम्ही सिमरिंगच्या कामगार वस्तीतली माणसं एकाहत्तर नंबरच्या ट्रामनं पंचवीस मिनिटांवर राहतो, पण आमच्या वसाहतीच्या सात नंबरच्या जिन्यावरच्या एकानंही आतलं छत पाहिलेलं नाही. हे मला बदलायचं आहे. वाचताना जरा भाषण वाटतंय, पण राहू दे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

लाइटगेबबाई आमच्या प्रमुख. त्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लावलं नाही तर त्या मान वर करत नाहीत. त्यांच्यापुढे माझी योजना मांडली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“गोड आहे,” त्या म्हणाल्या. “पण खुर्ची एकही रिकामी नाही. मागे उभं राहून ऐकायच्या स्वस्त जागा आहेत, त्यातली चोवीस तिकिटं देते. सोळा ऑक्टोबर. एकदा करून बघा. नीट पार पडलं तर दर महिन्याला करू. गडबड झाली तर हा कागद माझ्या टेबलावर पुन्हा दिसता कामा नये.”

मी पायऱ्या उतरले की उडत खाली आले, आठवत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

जिन्याखाली, कुणी कपडे कधी धुवायचे त्या तक्त्याच्या शेजारी, सूचना लावली. मथळ्यावर खूप विचार केला: ‘संगीतापासून वंचित राहिलेल्या कुटुंबांसाठी मोफत संधी’. खाली नावांसाठी चोवीस रेघा.

बाबांनी चष्मा लावून वाचली. छोटीशी सूचना, पण बराच वेळ वाचली.

“वंचित म्हणजे आपण?”

“सामाजिक अर्थानं, बाबा.”

“अच्छा. सामाजिक अर्थानं.”

मग ते वर येऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत बसले. नळ गळत नव्हता.

जेवताना मी त्यांचं नाव लिहू का विचारलं. म्हणाले, “दिवसभर उभाच असतो. संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा उभं राहायला जाऊ?” आई हसली. मला हसू आलं नाही. बाबांसाठीच तर करतेय हे.

२ ऑक्टोबर, बुधवार

धुण्याच्या खोलीत पूर्वतयारीचा वर्ग घेतला. सतरा नावं आली होती, चौदा जण हजर. बारा पानांची पुस्तिका टंकून प्रत्येकाला दिली: संगीतकाराचं आयुष्य, सिंफनीच्या चारही भागांची रचना, टाळ्या कधी वाजवायच्या, कधी नाहीत, खोकला आला तर काय.

तिसऱ्या मजल्यावरच्या बेडनारबाईंनी हात वर केला. सत्तरीच्या आहेत, जिन्यावरचं सगळं त्यांना विचारून होतं. “पोरी, दोन भागांच्या मधे टाळी वाजवायची नाही म्हणतेस. आवडलं असलं तरी?”

“तरी.”

“मग आवडलं हे त्यांना कळणार कसं?”

“शेवटी कळेल.”

“शेवटपर्यंत मी कुठे लक्षात ठेवू, काय आवडलं होतं ते!”

सगळे हसले. मी पान सहावर यायला सांगितलं. कुणीतरी विचारलं, बूट चावले तर काढलेले चालतील का. हे पुस्तिकेत नव्हतं. मी म्हटलं, शक्यतो नको.

७ ऑक्टोबर, सोमवार

आठ जणांनी नावं खोडली. कारण कुणी सांगत नाही. एकाची बहीण आजारी आहे, दुसऱ्याचा भाऊ गावाहून येतोय. नऊ उरले. पुस्तिकेत काहीतरी राहून गेलं असावं. वाद्यांवर एक पान वाढवते.

८ ऑक्टोबर, मंगळवार

कोट ठेवून घ्यायच्या खिडकीवर झेडलाचेकबाई बसतात, तीस वर्षं. माणूस कोटाच्या अस्तरावरून ओळखतात. आज त्यांनी मला थांबवलं.

“तुझी माणसं सोळाला किती वाजता येणार?”

“सातला. तिकिटं माझ्याकडेच आहेत, रांगेचा प्रश्न नाही.”

“पोकॉर्नीला विचारलंस?”

“कोण पोकॉर्नी?”

“घ्या! उभ्या जागांच्या कठड्यावर, बरोब्बर मधे, हिरवट कोटवाले म्हातारे. त्यांना आधी सांग, मग बघ कसं सरळ होतं.”

मी त्यांना कशाला विचारू? तिथे काही त्यांची मालकी नाही. हे नेहमीचे लोक दुपारी तीनपासून रांग धरतात, दार उघडलं की कठड्याकडे धावतात, आपापल्या जागी मफलर बांधतात आणि निवांत सॉसेज खायला बाहेर जातात. दीड तास तो मफलरच उभा असतो. नियमावली मी तपासली, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. दुपारी तीनला कोण मोकळं असतं? ज्याला काम नाही तो. संध्याकाळी जाऊन त्या म्हाताऱ्यांना लांबून पाहिलं. ताठ मान, चांदीच्या मुठीची काठी. निवृत्त न्यायाधीश असणार.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आता सगळं जसं घडलं तसं लिहिते.

सात वाजता नऊ जण आले. बेडनारबाईंनी लग्नातली साखळी घातली होती. बाकीचेही आपापल्या परीनं नटून आले होते. त्यांना घेऊन मी मागच्या दारानं उभ्या जागांकडे गेले. कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मफलरांनी बांधलेला. माणूस एकही नाही. माझी माणसं मागच्या भिंतीला टेकली. तिथून मंच दिसतच नाही, खांब दिसतो.

“इथूनच ऐकायचं का?” बेडनारबाईंनी विचारलं. तक्रार म्हणून नव्हे, नुसतंच.

माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. आयुष्यात पहिल्यांदा ही माणसं इथे आली आणि त्यांच्यापुढे लोकरीच्या चिंध्यांची रांग! मी पुढे झाले आणि मफलर सोडू लागले. नऊ सोडले, घड्या घालून बाकावर नीट रचले. सगळ्यांना पुढे बोलावलं. ते आले, पण कुणी कठड्याला हात लावला नाही.

तेवढ्यात नेहमीची मंडळी परतली. मग पोकॉर्नींनी घडी घातलेला आपला मफलर उचलून पाहिला, एखादं मेलेलं पाखरू उचलावं तसा.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी म्हटलं. “मी इथे काम करते. आणि हा नियम कुठेही लिहिलेला नाही.”

“बाई, एकोणपन्नास साली मी इथे पहिल्यांदा उभा राहिलो. युद्धानंतर शहर परक्या फौजांच्या ताब्यात, शेजारी रशियन शिपाई असायचे, बंदुका घेऊन. त्यांना आपली भाषा येत नव्हती, वाचता येत नव्हतं. मफलरला हात त्यांनीही लावला नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “ऑफिसात बसणाऱ्यांना काय कळणार!” कुणी म्हणालं, “तिकिटं पण खिशातून काढली हिनं, रांगेत कोण होतं यांच्यातलं?” मी काही बोलणार तोच बेडनारबाई वळल्या. वाटलं, माझी बाजू घेतील.

“मार्लेने,” त्या म्हणाल्या, “ही जागा यांची आहे हे तुला ठाऊक होतं?”

“मफलर होते, पण तसा नियम…”

“धुण्याच्या खोलीत मंगळवारी सकाळी माझी पाळी असते. मी किल्ली खुंटीला अडकवून पाव आणायला गेले तर तू माझी बादली बाहेर काढून ठेवशील?”

त्यांनी पोकॉर्नींकडे पाहून मान तुकवली. “माफ करा हं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.” आणि त्या मागे भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून सगळे गेले. मी एकटी कठड्याजवळ राहिले, दोन्ही बाजूंनी परकी.

दिवे मंद झाले. मी बाहेर पडले आणि वरच्या खोलीत जाऊन बसले. वाजवलं काय गेलं, ऐकलं नाही. खाली आले तेव्हा माझी माणसं ट्रामला निघून गेली होती. झेडलाचेकबाई म्हणाल्या, मध्यंतरानंतर कुणीकुणी सरकून जागा दिली म्हणे, बुटक्यांना पुढे घेतलं. मला बरं वाटावं म्हणून सांगत असतील.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

एकतीस सह्यांचं पत्र. अक्षर पोकॉर्नींचं, मजकूर मोजका: जे घडलं ते, एक शब्द जास्त नाही. लाइटगेबबाईंनी पत्र माझ्याकडे सरकवलं. “यात काही खोटं आहे?”

“नाही.”

“मग योजनेचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

मी सोमवारपर्यंत वेळ मागितला. घरी येऊन माफीची चिठ्ठी लिहायला घेतली. चौथा कागद फाडला तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांना सगळं कळलेलं होतं, जिन्यावर काय लपतंय!

“माफी पोस्टानं पाठवायची नसते. रविवारी जाऊ. मी येतो.”

२० ऑक्टोबर, रविवार

पत्ता पत्रावरच होता. मी वाचला होता, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. आमच्यापासून दोन थांबे पुढे, आमच्यासारखीच वसाहत, तीन नंबरचा जिना, तसाच फिनाईलचा वास. न्यायाधीश कसले, चौतीस वर्षं गॅस कारखान्यात भट्टीवर होते. काठी कामगार संघानं निवृत्तीला दिलेली.

आईनं दिलेला खसखशीचा रोल मी टेबलावर ठेवला आणि पाठ केलेली माफी सुरू केली. दोन वाक्यं झाली असतील. पोकॉर्नी बाबांना म्हणाले, “तुम्ही रुळांवर ना? चौऱ्याऐंशीच्या थंडीत आमच्या फाटकासमोरचा रूळ तडकला होता.”

“तो मीच बसवला,” बाबा म्हणाले.

झालं. दोन तास! रूळ, भट्ट्या, कोणता मुकादम कसा मेला, सिमरिंगचा फुटबॉल संघ कधी रसातळाला गेला. संगीताचं अवाक्षर नाही. मी रोलचे तुकडे मोजत बसले. माझ्या माफीचा विषय बाजूलाच राहिला.

निघताना बाबांनी बूट घालता घालता विचारलं, “एवढा वेळ उभं राहून पाय नाही दुखत?”

“दुखतात की. पण कठडा मिळाला तर अंगाचा अर्धा भार कोपरांवर जातो. म्हणून तर मफलर. भट्टीवर आम्ही फावड्यावर टेकायचो, तसंच.”

बाबांनी मान हलवली. माझ्या तेरा पानांमधून जे कळलं नव्हतं ते आता कळल्यासारखी.

“तक्रार मागे घ्याल का?” मी शेवटी विचारलं.

“छे. खरी आहे ती. पण खाली एक ओळ जोडतो.”

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ती ओळ अशी: ‘सदर बाईंची माणसं सभ्य आहेत, त्यांना पुन्हा येऊ द्यावं.’ लाइटगेबबाई म्हणाल्या, चाळीस वर्षांत या माणसानं कुणाबद्दल चांगलं लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आणखी एक संधी मिळाली. अट एकच: पंधरा नोव्हेंबरपर्यंत किमान दहा नावं.

नवी सूचना लावली. ‘वंचित’ काढून टाकलं. का काढलं ते नीट सांगता येत नाही, बेडनारबाईंचं ते मागे वळून भिंतीशी जाणं आठवलं म्हणून असेल. पुस्तिकाही नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व संतांचा दिवस, सगळं शहर दफनभूमीत. आजीच्या थडग्यावर शेवंती ठेवून आलो. ट्रामला पाय ठेवायला जागा नव्हती. बेडनारबाई भेटल्या. मी म्हटलं, यादीवर नाव घाला ना. त्या म्हणाल्या, “बघू गं,” आणि आईकडे पाहून हसल्या. यादीवर अजून एकही नाव नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

हल्ली बाबा गुरुवारी पोकॉर्नींकडे जातात. पत्ते खेळत असावेत. या गुरुवारी आईही गेली. मला बरं वाटलं, या वयात दोघांना नवीन सोबत मिळाली. बाबांचा शर्ट इस्त्री करताना आईला म्हटलं, “पत्त्यांना एवढा थाट?” ती म्हणाली, “तिथे माणसं असतात बाई.” घरी येताना दोघं जिन्यावर काहीतरी गुणगुणत होती. मद्य जरा जास्त झालं असेल.

यादी कोरीच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शून्य. अहवालात तेच लिहिलं: ‘सहभागी: शून्य. योजना बंद करावी.’ लाइटगेबबाई नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाल्या, “तुमचं काम चांगलं आहे, मागिस्टर ह्लावाच. शाळांच्या सहली बघा तुम्ही. पितळी पाटीचं सांगते मी.” पितळी पाटी! दोन महिन्यांपूर्वी मी त्यासाठी नाचले असते.

आज रडले. लिहून ठेवते, कारण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. मला वाटलं होतं की मी दार उघडून धरलं तर माणसं आत येतील. दार उघडं धरून हात दुखले आणि कुणी आलं नाही. चूक माझीच, मफलर सोडल्याची. तरी एक गोष्ट कळत नाही: जिन्यावर कुणी माझ्यावर रागावलेलं दिसत नाही. उलट सगळे फारच गोड वागतात.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल माझी सुट्टी होती. घरी करमेना. चार वाजता सहज संगीतगृहाकडे गेले, झेडलाचेकबाईंशी गप्पा माराव्यात म्हणून. ऑफिसच्या बाजूनं न जाता मागच्या गल्लीनं गेले. या गल्लीत मी नोकरीला लागल्यापासून कधी आलेच नव्हते.

रांग कोपऱ्यापर्यंत होती. नर्सच्या पांढऱ्या मोज्यांतली बाई, अंगाला पिठाचा वास येणारा बेकरीवाला, डबा उघडून जेवणारे दोन ट्रामचालक, विद्यार्थी. न्यायाधीश एकही दिसला नाही. दुपारी तीनला कोण मोकळं असतं, असं मी याच वहीत लिहिलं होतं. पहाटे चारला कामावर जाणारा मोकळा असतो.

पुढून सातव्या नंबरवर घडीच्या स्टुलावर बेडनारबाई बसलेल्या. त्यांच्यामागे आमच्या जिन्यावरचे आणखी चार जण. नावं खोडलेल्यांपैकी तिघं त्यांत होते. त्यांच्यामागे आई संत्रं सोलून पुढेमागे फोडी वाटत होती. आणि तिच्याशेजारी बाबा, इस्त्रीच्या शर्टात, पोकॉर्नींशी हुज्जत घालत: “मागच्या वेळचा तो दुसरा भाग जरा ओढलाच त्यांनी, काही म्हणा.”

“ओढला नाही, ह्लावाच. तुम्हाला घाई असते. रूळ बसवताय का?”

“बाबा!” मी ओरडले.

रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा जरासे लाजले. मग म्हणाले, “तिसरी खेप आहे आमची. तुला सांगणारच होतो.”

“मग यादीवर नाव का नाही घातलंत? दहाच तर हवी होती!”

आईनं उत्तर दिलं. “यादी कशाला, बाळ? इथे रांगेत उभं राहिलं की झालं.”

क्षणभर वाटलं, धावत वर जावं, लाइटगेबबाईंना खिडकीतून ही गल्ली दाखवावी, अहवाल दुरुस्त करावा. शून्य खोडून सात लिहावं. पण ही सात माणसं माझ्या योजनेतून आलीच नव्हती. ती आपली आपण आली होती, ट्रामचं तिकीट काढून. त्यांना कोणत्या रकान्यात लिहिणार? अहवाल आहे तसाच राहू दे असं ठरवलं, आणि ठरवताना फार हलकं वाटलं.

मी बाबांच्या बाजूला उभी राहिले. मागच्या ट्रामचालकानं घास थांबवला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे त्याच्याकडे पाहिलं.

“मागिस्टरबाई,” ते म्हणाले, “रांग तिकडे संपते.”

आईनं माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या. मी भिंतीच्या कडेकडेनं मागे गेले. माझ्यापुढे त्रेपन्न माणसं होती, मी मोजली. माझ्या पुढच्या बाईनं भाजीची पिशवी पायाशी सरकवून मला जागा केली आणि विचारलं, “पहिल्यांदाच का?”

मी हो म्हणाले.